पुस्तक परीक्षणाचं तयार गाईड: घेऊ नका

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला चिकित्सक पुस्तक परीक्षण लिहायचं होतं, म्हणून जळगावात नव्वद रुपयांना हे गाईड घेतलं. छपाई स्वच्छ आहे. पण आत परीक्षण नाहीच. लेखकाचा परिचय, सारांश आणि शेवटी ‘भाषा ओघवती आहे’. हे एकच वाक्य तीन पुस्तकांखाली सापडलं तेव्हा फार वाईट वाटलं.

माझ्याकडे परीक्षणाला होती ‘बहिणाबाईंची गाणी’. जन्म १८८०, गाव आसोदा, निधन १९५१, पुस्तक १९५२ साली, प्रस्तावना अत्र्यांची. गाईडमध्ये एवढं बरोबर आहे. पण खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो ना! बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या म्हणायच्या, घरचे उतरवून घ्यायचे. मग तोंडचं कागदावर येताना काय गळलं? यावर एक ओळ नाही.

शेवटी मी एक गाणं आजीला वाचून दाखवलं. ती या गाण्यांचीच लेवा बोली बोलते. दोनदा माझा उच्चार दुरुस्त केला, मग स्वतःच जात्याची लय धरली. जिथे मी स्वल्पविराम पाहून थांबत होते, तिथे ती थांबलीच नाही! तेच परीक्षणात लिहिलं: आधी विधान, मग ओळीचा पुरावा, मग माझं मत. सारांश चार ओळींत आटोपला.

प्रकाशक, पृष्ठसंख्या, किंमत कशी मांडायची, तेवढा नमुना गाईडमध्ये चांगला आहे. त्यासाठी नव्वद रुपये घालवू नका. ग्रंथालयातली जुनी वाङ्मयीन मासिकं मागा, त्यातली परीक्षणं वाचा.