लांब शॉकअप म्हणून वेल्डिंग विकत घेतलं

माझी जिप्सी 2004ची. चारही चाकांना कमानपाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), त्यामुळे उंच करायला सोपी. नवे पाटे टाकून दोन इंच उचलली आणि जुने शॉकअप आखूड पडायला लागले. चाक खड्ड्यात लोंबकळलं की खालून ठक्क!

पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने (पाटीवर ‘ऑफरोड स्पेशालिस्ट’) इंपोर्टेड, गॅसचे, लांब असे चार शॉकअप 26,000 रुपयांत बसवून दिले. लालभडक रंग, चकचकीत स्टिकर. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, “कशाला साहेब, उगाच जीएसटी भरताय?” मलाही ते पटलं, हे कबूल करतो.

तिसऱ्याच रविवारी ताम्हिणीच्या अलीकडे कच्च्या वाटेवर मागचा डावा शॉकअप वाकला आणि वरचं ब्रॅकेट उपटून आलं. मुळशीतल्या मेकॅनिकने रंग खरवडला. खालचा डोळा (बोल्ट जातो ती कडी) कापून मध्ये दोन इंच लांबीचा पाइपचा तुकडा वेल्ड केलेला! आत जुनाच तेलाचा शॉकअप. दांडा दाबला तर तसाच आत बसून राहिला. गॅसचा असता तर सोडल्यावर आपोआप बाहेर आला असता. बसवण्याआधी ही परीक्षा अर्ध्या मिनिटात झाली असती.

यातली मेख अशी. गाडी उचलली तरी बंपचं रबर (ॲक्सल वर आपटू नये म्हणून असतं ते) होतं तिथेच राहतं. ॲक्सल रबराला टेकतो तेव्हा माझ्या गाडीत शॉकअपच्या दोन बोल्टांमध्ये 12 इंच उरतात. जुना शॉकअप पूर्ण दाबला की 11 इंच, म्हणजे जागा होती. वेल्डिंगने तो 13 झाला. मग रबराआधी शॉकअपच टेकणार आणि धक्क्याचा सगळा जोर त्या दांड्यावर येणार. म्हणून लांब शॉकअप घेताना नुसती उघडी लांबी विचारू नका, दाबलेली लांबी टेप लावून स्वतः मोजा. चाक लोंबकळत ठेवून ब्रेकचा होज (तेलाची रबरी नळी) ताणला जातोय का, तेही बघा. माझा ताणला जात होता, आणि ते या भानगडीतच कळलं.

परत गेलो तर स्पेशालिस्ट म्हणतो, “साहेब, तुम्ही गाडी ऑफरोड नेलीत, वॉरंटी गेली.” तक्रार करायची तर हातात बिल नाही, आणि गाडी उचललेली, म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीत मनमानी बदल करायला बंदी घालणारं) आधी माझ्याच गळ्यात. त्याला हे पक्कं ठाऊक होतं. उरलेले तीन काढून ठेवलेत. कुणाला बघायचे असतील तर या, रंग खरवडायला पत्र्याची पट्टीही देतो.