लिबेरा चॅट: सर्व्हरबद्दल थोडं, माणसांबद्दल जास्त

आयआरसी, म्हणजे इंटरनेटवर मजकुरात गप्पा मारायची जुनी पद्धत. तिच्या एखाद्या नेटवर्कबद्दल लिहायला बसलं की बहुतेक जण क्लायंटपासून, म्हणजे ती वापरायच्या प्रोग्रॅमपासून, सुरुवात करतात. इर्सी बरा की हेक्सचॅट, टर्मिनल की खिडकी. तो भाग मी पुढे चार ओळींत उरकणार आहे. लिबेरा चॅट या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या नेटवर्कबद्दल सांगण्यासारखी खरी गोष्ट अशी, की ही सेवा चालवणारी माणसं स्वयंसेवक आहेत, सर्व्हर पाठीराख्या संस्थांनी दिलेले आहेत, वापरणाऱ्याकडून कोणी काही मागत नाही, आणि तरीही मी रोज कामाला लावते त्या साधनांत माझा सर्वांत जास्त भरवसा हिच्यावर आहे. हे कसं जमतं, ते मी इतकी वर्षं बघत आले आहे. त्याबद्दलच लिहिते.

मी डेटाबेस सांभाळते. यातलं काहीही वर्गात बसून शिकलेले नाही. मॅन्युअल वाचलं आणि अडलं तिथे पोस्टग्रेस या डेटाबेसच्या चॅनेलवर, म्हणजे त्या विषयाच्या गप्पांच्या खोलीत, विचारलं. एकदा एका जुन्या प्रणालीतली क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली विचारणा, माझ्याकडे आली. टेबल मोठं, तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (लवकर शोधायची सूची) व्यवस्थित होता, पण क्वेरी दरवेळी अख्खं टेबल चाळायची. चॅनेलवर विचारलं तर पहिलं उत्तर आलं, ‘एक्सप्लेन अ‍ॅनलाइझचं आउटपुट दे, अंदाजाने बोलायला नको.’ क्वेरी प्रत्यक्षात कशी चालली ते दाखवणारी ही आज्ञा. दिलं. दोन मिनिटांत दुसऱ्या कोणीतरी एका ओळीकडे बोट दाखवलं: कॉलमवर फंक्शन लावून मग तुलना केली होती, त्यामुळे साधा इंडेक्स तिथे लागूच होत नव्हता. अट ‘या क्षणापासून त्या क्षणाच्या आधीपर्यंत’ अशी लिहिली की काम होणार होतं. झालंही. पण माझ्या लक्षात राहिलं ते नंतरचं. प्लॅनमधले, म्हणजे डेटाबेसने ठरवलेल्या वाटेतले, अंदाजी रो (ओळी) आणि प्रत्यक्ष रो यांत एवढी तफावत का आहे, हे त्या माणसाने मला न विचारता समजावून सांगितलं, आणि वाचायला मॅन्युअलचं नेमकं प्रकरण दिलं. त्याचं टोपणनाव मला पाठ आहे, खरं नाव माहीत नाही. आजही तो तिथे असतो आणि नव्याने आलेल्याला त्याच शांतपणे आउटपुट मागतो.

असे लोक हा या सेवेचा पहिला थर. त्यांना लिबेराचे ‘कर्मचारी’ म्हणता येणार नाही. ते त्या त्या प्रकल्पाचे लोक: कोणी कोड लिहितं, कोणी नुसतं वापरतं आणि वापरता वापरता तरबेज झालेलं असतं. दिवसभराचं स्वतःचं काम चालू असताना बाजूच्या खिडकीत चॅनेल उघडं ठेवतात आणि आपल्याला येणारा प्रश्न दिसला की उत्तर देतात. एवढंच करतात, पण वर्षानुवर्षं करतात.

दुसरा थर नेटवर्क सांभाळणाऱ्या स्टाफचा. तो सहसा डोळ्यांत भरत नाही. जोडणी झाली की सर्व्हर आधी आपलं नाव सांगतो. नावं सगळी मूलद्रव्यांची आहेत: टँटलम, झिर्कोनियम, मॉलिब्डेनम. त्याच्या स्वागताच्या मजकुरात हा सर्व्हर कोणी पुरवला आहे ते लिहिलेलं असतं, आणि काही अडलं तर ‘#लिबेरा’ या चॅनेलवर या, असं सांगितलेलं असतं. हा मजकूर लोक वाचत नाहीत. माझी विनंती आहे, एकदा वाचा. जागा, वीज आणि बँडविड्थ कोणाच्या खिशातून येते हे एवढ्या उघडपणे आणि एवढ्या कमी शब्दांत सांगणारी सेवा मी दुसरी पाहिलेली नाही. ‘स्टॅट्स पी’ ही आज्ञा दिली की त्या क्षणी मदतीला हजर असलेल्या स्टाफची टोपणनावंही दिसतात.

त्यांची कामं कंटाळवाणी आहेत, आणि म्हणूनच मला त्यांचं मोल वाटतं. पासवर्ड विसरलेल्याला त्याचं टोपणनाव परत मिळवून द्यायचं. एखाद्या चॅनेलचा संस्थापक कायमचा नाहीसा झाला तर त्या प्रकल्पाचा खरा प्रतिनिधी कोण हे तपासून चॅनेल त्याच्या हाती द्यायचं. आपला आयपी पत्ता चारचौघांत दिसू नये म्हणून कोणी क्लोक, म्हणजे पत्त्याच्या जागी दिसणारं नाव, मागितला तर तो मिळण्याची सोय चालू ठेवायची. शेकडो बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) एकदम आत घुसून घाण टाकायला लागले की त्यांना रोखायचं, आणि रोखताना निरपराध माणूस अडकला तर त्याची तक्रार ऐकून बंदी उठवायची. यातलं शेवटचं काम सर्वांत नाजूक. बॉट रोखणारं फिल्टर जरा घट्ट केलं की खरी माणसं बाहेर राहतात, जरा सैल केलं की चॅनेलं वाहून जातात. तो तोल रोज कोणाला तरी पाहावा लागतो.

इथली एक रीत मला फार आवडते. चॅनेलचे ऑपरेटर, म्हणजे ऑप, आपला अधिकार सतत मिरवत नाहीत. टोपणनावापुढे अधिकाराचं चिन्ह लावून बसायचं नाही, गरज पडेल तेव्हा अधिकार घ्यायचा, काम झालं की सोडायचा, असा सल्ला नेटवर्कच चॅनेलांना देतं. कोणी तापला तर लगेच बाहेर काढण्याऐवजी त्याला ‘क्वाएट’ करता येतं: तो वाचू शकतो, बोलू शकत नाही. कित्येकदा एवढ्यावर भागतं. त्याही आधीची पायरी म्हणजे भांडण पेटण्यापूर्वी विषय हळूच दुसरीकडे वळवणारी माणसं. लिबेराच्या मार्गदर्शिकेत त्यांना ‘कॅटॅलिस्ट’ म्हटलंय. त्यांना कुठलाही खास अधिकार लागत नाही. पोस्टग्रेसच्या चॅनेलवर हे काम करणाऱ्या एक बाई मला माहीत आहेत. दोघे हमरीतुमरीवर आले की त्या एका बाजूला थेट तांत्रिक प्रश्न विचारतात, आणि उत्तर देण्याच्या नादात तो माणूस भांडण विसरतो.

आता इतिहास, कारण त्याशिवाय या सेवेला मी एवढे गुण का देते ते कळणार नाही. आयआरसी ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्क्को ओइकारिनेन यांनी तयार केलं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं त्यावरचं मोठं घर बरीच वर्षं फ्रीनोड होतं. त्याचे संस्थापक रॉब लेव्हिन २००६ मध्ये सायकल अपघातानंतर गेले, आणि पुढे ते नेटवर्क स्वयंसेवकांनीच चालवत ठेवलं. मग मालकी नेमकी कोणाची यावरून वाद झाला. १९ मे २०२१ रोजी तिथल्या स्वयंसेवकांनी सामूहिक राजीनामे दिले आणि त्याच दिवशी लिबेरा चॅट सुरू झाल्याचं जाहीर केलं. त्यानंतरच्या दिवसांत मी दोन्हीकडे जोडलेली होते. २६ मेला फ्रीनोडवर शेकडो चॅनेलं त्यांच्या ऑपच्या हातातून काढून घेतली गेली. कारण काय, तर त्यांच्या विषयाच्या ओळीत लिबेराचा उल्लेख होता. जूनमध्ये तर तिथल्या नोंदणीकृत टोपणनावांचा आणि चॅनेलांचा सगळा साठाच मागे टाकून नव्याने सुरुवात झाली.

तोवर माणसं निघून आलेली होती. उबुंटू, जेंटू, विकिमीडिया, पोस्टग्रेस, एकामागून एक चॅनेलं इकडे उभी राहत होती. नाव तिकडे राहिलं, प्रश्नांची उत्तरं देणारे इकडे आले. ते दिवस आठवले की मला अजूनही त्या स्टाफचं कौतुक वाटतं. नोंदणीच्या विनंत्यांचा ढीग पडलेला, सर्व्हर नवेकोरे, आणि ‘#लिबेरा’वर एकच प्रश्न पन्नास जण विचारताहेत, तरी उत्तर देणाऱ्यांची भाषा एकदाही घसरलेली मी पाहिली नाही.

त्यांनी यातून घेतलेला धडा कागदावर उतरलेला आहे. लिबेरा चॅट ही स्वीडनमध्ये नोंदलेली ना-नफा संस्था आहे आणि ती सभासद असलेले स्वयंसेवकच चालवतात. एका माणसाने सही करून विकून टाकावी अशी ती वस्तूच ठेवलेली नाही. सर्व्हरवर चालणारं सोलॅनम हे सॉफ्टवेअरही मुक्त आहे आणि ते ओएफटीसी या दुसऱ्या नेटवर्कच्या लोकांबरोबर मिळून सांभाळलं जातं. ज्यांना वरवर पाहून स्पर्धक म्हणावं, त्यांच्याशी असं सहकार्य आहे. सेवा निवडताना आपण वैशिष्ट्यांची यादी बघतो. मी आता आधी हे बघते, की उद्या मालक बदलला तर माझं काय होईल. मोझिलाने स्वतःचं आयआरसी नेटवर्क २०२० मध्ये बंद केलं, कामाच्या गप्पांची सेवा असलेल्या स्लॅकने आयआरसी क्लायंटमधून आत येण्याची वाट २०१८ मध्येच बंद केली. त्यांचा निर्णय त्यांचा. पण तिथे वापरणाऱ्यांच्या हातात फक्त तारीख वाचणं होतं.

क्लायंट आणि जोडणी: ब्राउझरमधून थेट आत येता येतं, काही बसवावं लागत नाही. रोज वापरणार असाल तर क्लायंट घ्या, ६६९७ या पोर्टवरून टीएलएस (कूटबद्ध) जोडणी करा, टोपणनाव नोंदवा आणि सॅसल (जोडतानाच ओळख पटवण्याची सोय) चालू करा. मार्गदर्शिका स्पष्ट लिहिल्या आहेत. हेक्सचॅटची शेवटची आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि त्याचं काम थांबलं, तेव्हा नव्याने सुरू करणाऱ्यांनी दुसरं काही पाहावं. इतकं पुरे.

उणिवा आहेत, आणि त्या लहान नाहीत. तुम्ही जोडलेले नसताना काय बोललं गेलं ते नंतर दिसत नाही. त्यासाठी झेडएनसीसारखा बाउन्सर, म्हणजे तुमच्या वतीने जोडलेला राहणारा प्रोग्रॅम, सतत चालू ठेवावा लागतो, आणि तो बसवणं नवख्याला जड जातं. चित्र किंवा फाइल संभाषणात टाकता येत नाही. खासगी संदेश टीएलएसने सर्व्हरपर्यंत सुरक्षित जातात, पण टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात. गुपितं इथे लिहू नका.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास अडचण. आयआरसीचा संदेश जास्तीत जास्त ५१२ बाइटचा, आणि त्यात पाठवणाऱ्याचा पत्ता, चॅनेलचं नाव सगळं आलं. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसुद्धा, तीन बाइट खातं. त्यामुळे रोमन लिपीत जेवढं मावतं त्याच्या साधारण एक-तृतीयांश मजकूर मराठीत एका ओळीत बसतो. काही क्लायंट लांब ओळ आपोआप तोडतात, काही शेपूट कापून टाकतात. म्हणून मी मराठीत लिहिताना छोटी वाक्यं करते. प्रोटोकॉल रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनला, त्याची किंमत आपण मोजतो, आणि याची मला मनापासून खंत आहे.

आणखी एक. चॅनेल कसं वागवायचं हे बहुतांशी त्या चॅनेलवाल्यांच्या हातात असतं. लिबेराचा स्टाफ चॅनेलच्या अंतर्गत कारभारात सहसा पडत नाही. म्हणून अनुभव चॅनेलगणिक बदलतो. एका चॅनेलवर मला प्रश्न पूर्ण लिहू न देताच ‘आधी वाचून या’ असं सुनावलं गेलं. मी निघाले, परत गेले नाही. नेटवर्कला त्याचा दोष देणार नाही, पण नवीन माणूस तेवढा भेद करत नाही. त्याला सगळंच वाईट वाटतं.

२०२३ मध्ये मॅट्रिक्स या गप्पांच्या दुसऱ्या जाळ्यावरून इकडे येण्याचा पूल बंद झाला, त्याचाही उल्लेख करायला हवा. बरेच लोक त्या वाटेने येत होते. चॅनेलवर नसलेल्यांपर्यंत संदेश पोचण्याची शक्यता हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. गैरसोय झाली, पण मला तो निर्णय पटला. खासगीपणाचा प्रश्न असताना सोयीसाठी डोळेझाक करणं स्वयंसेवकांना सोपं होतं, त्यांनी ते केलं नाही.

गुण विचाराल तर पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो नवख्यांना पहिल्या दिवशी पडणाऱ्या कष्टांसाठी.

हे टिकावं असं वाटत असेल तर हातभार लावायला मोठं काही करावं लागत नाही. ज्यांच्या संस्थेकडे चांगलं जाळं आणि मोकळी यंत्रं आहेत त्यांनी सर्व्हर पुरवण्याबद्दल विचारावं. ज्यांना कोड येतो त्यांना सोलॅनम उघडं आहे. बाकी आपण सगळ्यांनी, ज्या विषयातलं थोडंफार कळतं त्याचं चॅनेल उघडं ठेवायचं. मी आता तेच करते. बॅकअप घेणं, बॅकअपवरून परत उभं करणं, एवढ्या प्रश्नांना मी उत्तर देऊ शकते, आणि तेवढा वेळ दुसऱ्या कोणाचा तरी वाचतो.

नवीन असाल तर दोन सूचना. ‘प्रश्न विचारू का?’ असं विचारू नका, थेट प्रश्न लिहा: काय केलं, काय अपेक्षित होतं, काय झालं, आवृत्ती कोणती. आणि लिहून झाल्यावर पाच मिनिटांत निघून जाऊ नका. उत्तर जाणणारा माणूस कदाचित आत्ता झोपलेला असेल किंवा कामावर असेल. चार तासांनी तो तुमचा प्रश्न वाचेल, उत्तर टाइप करेल, आणि तुम्ही तिथे नसाल. उत्तर मिळून काम झालं, तर झालं म्हणून चॅनेलवर लिहा. नाही झालं तर तेही लिहा. उपाय लागू पडला की नाही हे उत्तर देणाऱ्याला एरवी कधीच कळत नाही.