हापूसला पॅक्लोब्युट्राझोल: सहा महिन्यांनंतर पाने काय सांगतात

पॅक्लोब्युट्राझोल हे झाडाची वाढ रोखून मोहोर लवकर आणणारे औषध. जुलैअखेर दिलेल्या या औषधाचा परिणाम जानेवारीपर्यंत पाहिल्यावर आधी बोलायचे ते पानांच्या रंगाबद्दल, कारण फसगत तिथेच होते. औषध दिलेल्या कलमाची नवी पाने काळपट हिरवी, आखूड आणि जाडसर येतात. फांदी हातात घेतली की दोन पेऱ्यांतले अंतर घटलेले लगेच कळते. हे पाहून झाड तृप्त आहे असे समजू नका. हा रंग भरपूर नत्र मिळाल्याचा नव्हे.

पॅक्लोब्युट्राझोल जिबरेलिनची, म्हणजे झाडाची वाढ करणाऱ्या संप्रेरकाची, निर्मिती अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर अडवते. जिबरेलिन आणि हरितद्रव्याची फायटॉल शेपटी (त्याच्या रेणूचा एक भाग), दोन्हींचा कच्चा माल एकच. एक वाट बंद झाली की तो दुसरीकडे वळायला मोकळा होतो. त्यातच पेशी लहान राहतात, म्हणून हरितद्रव्य दाट दिसते. वाढ रोखणारे संप्रेरक म्हणजे ॲब्सिसिक आम्ल; ते मोडणारे विकरही (एन्झाइम) दबते, म्हणून ते टिकून राहते. पालवी थांबल्याने साखर खर्च होत नाही, पानात आणि काडीत पिष्ट (स्टार्च) साठते, कर्ब-नत्र गुणोत्तर वाढते. पावसाळा सरल्यावर पालवी न फुटता मोहोर लवकर येतो तो यामुळे.

मात्रा अंदाजाने कधीच देऊ नये. झाडाचा विस्तार दक्षिणोत्तर आणि पूर्व-पश्चिम मोजा. 8 आणि 7 मीटर भरला तर सरासरी साडेसात. 23 टक्के द्रावण मीटरला 3 मिली, म्हणजे 22.5 मिली. ते 5 लिटर पाण्यात मिसळा. बुंध्यापासून विस्ताराच्या निम्म्या त्रिज्येवर, इथे साधारण 1.9 मीटरवर, गोलाकार 25 भोके पहारीने 10 ते 12 सेंमी खोल पाडा आणि प्रत्येकात 200 मिली ओता. आधी तण काढाच, नाहीतर औषध तणाची मुळे घेतात. वेळ 15 जुलै ते 15 ऑगस्ट, तीही पावसाची उघडीप बघून. मुसळधार पावसात औषध वाहून जाते. पानांवर फवारणीचा खटाटोप नको, कारण ते मुळांतून पाण्याबरोबर वर चढते.

मात्रा जास्त झाली की मोहोर आखडून गुच्छासारखा येतो, आत हवा खेळत नाही आणि भुरी हा बुरशीचा रोग बळावतो. औषध जमिनीत टिकून राहते, त्यामुळे दरवर्षी डोळे मिटून पूर्ण मात्रा देणे चूक. आधी पेरी बघा. अजून आखूडच असतील तर मात्रा कमी करा किंवा ते वर्ष सोडा. अशक्त आणि दहा वर्षांच्या आतल्या कलमांना देऊच नका.

रंग फसवतो, म्हणून खताचा निर्णय 4 ते 7 महिने वयाची, काडीच्या मधली पाने तपासून घ्या. लवकर मोहोर आणि जादा फळ म्हणजे झाडावर जादा ओझे. तिथे शेणखत आणि पालाश कमी पडले की पुढच्या हंगामात फांद्या वाळायला लागतात.