मॅडोना घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा

अमेरिकन पॉप गायिका मॅडोनाचं काय घेऊ, असं विचारलं की बहुतेक जण 'द इमॅक्युलेट कलेक्शन' हातात ठेवतात. १९९०चा संग्रह, सतरा गाणी, त्यातली पंधरा आधीची आणि दोन नवी. जुन्या मालात सहज मिळतो. पण अल्बममागून अल्बम ही बाई कशी बदलत गेली हे ऐकायचं असेल, तर नेमकी हीच खरेदी चुकते. यातली जुनी गाणी मूळ मिक्समध्ये नाहीतच. ती क्यूसाउंड नावाच्या तंत्राने नव्याने मिक्स केली आणि बरीचशी कापून आखूड केली. दोनच स्पीकर असताना आवाज त्यांच्याही बाहेरून आल्याचा भास हे तंत्र देतं, तेही तुम्ही दोन्हींच्या बरोबर मध्ये बसलात तर. एका डब्याच्या ब्लूटूथ स्पीकरवर त्यातलं काही उरत नाही. १९८३चा आवाज काय न् १९८९चा काय, दोन्ही १९९०च्या चाळणीतून गाळून येतात. 'लाइक अ प्रेअर' मूळ अल्बमवर ऐकून मग इथे ऐका, फरक पहिल्या कडव्यातच कळेल.

तेव्हा सुटे अल्बम घ्या. आणि घेताना पुढचा फोटो बघून भुलू नका. लेस, कोन, काउबॉय टोपी, डोळ्यावरची पट्टी यांवर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. पण आवाज बदलला तो मागे बारीक अक्षरात छापलेल्या नावाने, म्हणजे निर्मात्याच्या. नाव बदललं की अल्बम बदलला, असा हिशेब जवळपास सगळीकडे जुळतो.

पहिला अल्बम, नुसताच 'मॅडोना', १९८३. आठ गाणी, एक्केचाळीस मिनिटं. निर्माता रेजी लुकस. माइल्स डेव्हिसकडे गिटार वाजवून आलेला माणूस. ड्रम मशीन, सिंथचा (म्हणजे सिंथेसायझरचा) बेस, वर गिटारची चकचकीत पट्टी. तिला हे जरा जास्तच सजवलेलं वाटलं, म्हणून क्लबात रेकॉर्ड लावणारा जॉन 'जेलीबीन' बेनिटेझ मदतीला आला आणि 'हॉलिडे' त्याने केलं. 'बॉर्डरलाइन' आणि 'हॉलिडे' पाठोपाठ लावा. पहिल्यात स्वरांची वळणं जास्त, दुसऱ्यात तीच चाल फिरून फिरून येते आणि पाय थांबत नाहीत. आवाज पातळ, वरच्या पट्टीतला, अजून न घडलेला. बांगड्या, क्रॉस आणि जाळीदार लेस हा अवतार मारिपोल या स्टायलिस्टचा. एलपीवर घ्यायचा असेल तर हाच आधी घ्या. एका बाजूला वीसेक मिनिटंच असल्याने खाचा मोकळ्या बसतात आणि बेस भरीव येतो.

'लाइक अ व्हर्जिन' १९८४चा, निर्माता शीक बँडचा नाइल रॉजर्स. त्याने बँडमधले आपले दोन गडी सोबत आणले, बेसवर बर्नार्ड एडवर्ड्स आणि ड्रमवर टोनी थॉम्पसन. मशीनच्या जागी माणूस बसला की काय होतं ते इथे ड्रमवर ऐका. खरेदीतली खोच अशी की 'इन्टू द ग्रूव्ह' १९८५च्या युरोपीय आवृत्तीत आहे, मूळ अमेरिकन आवृत्तीत नाही. ते गाणं हवं असेल तर पैसे देण्याआधी गाण्यांची यादी वाचा.

'ट्रू ब्लू' १९८६. हर्ब रिट्सने काढलेला, मान मागे टाकलेला तो फोटो. इथून ती स्वतः सहनिर्माती झाली, सोबत पॅट्रिक लेनर्ड आणि स्टीफन ब्रे. 'पापा डोन्ट प्रीच' तंतुवाद्यांनी उघडतं, 'लिव्ह टू टेल'मध्ये आवाज खाली उतरतो आणि त्या खालच्या सुरांतच तिला पहिल्यांदा वजन सापडतं. बाकी निम्मा अल्बम आज जुना वाटतो. सिंथचे आवाज त्या वर्षीचे आहेत आणि त्या वर्षीच राहिलेत. पहिल्या तीन अल्बमच्या २००१च्या रिमास्टर सीडीवर प्रत्येकी दोन लांब रिमिक्स जास्तीचे आहेत. फक्त त्यांच्यासाठी दुसऱ्यांदा पैसे घालू नका.

'लाइक अ प्रेअर' मात्र घ्याच. १९८९. लेनर्ड, ब्रे, आणि एका गाण्यात गायक-संगीतकार प्रिन्स. शीर्षकगीतात आंद्रे क्राउचचा चर्चगायकांचा ताफा आहे आणि खाली गाय प्रॅटचा खरा बेस. केस काळे, मुखपृष्ठावर चेहराच नाही, नुसती कंबर आणि जीन्स. मोडलेला संसार, आई, बाप असे विषय आले आणि त्यांना पेलेल असा आवाजही आला. पहिल्या छपाईच्या पाकिटाला पॅचुलीचा वास दिला होता. आपण मरवा-पाच म्हणतो त्यातल्या पाचेच्या कुळातली ही वनस्पती. जुनी प्रत घेताना नाक लावून बघा. वास उरला असेल तर प्रत त्या काळातली, उरला नसेल तर त्यावरून काहीच ठरत नाही. आत एड्सबद्दल माहिती देणारा कागद होता, तोही आहे का पाहा. फक्त एलपीवर एक खोट आहे. एक्कावन्न मिनिटं एकाच तबकडीत कोंबल्याने बाजूला पंचवीस मिनिटं पडतात, खाचा दाटीने बसतात, आवाज थोडा खाली येतो आणि बाजूच्या शेवटच्या गाण्यात स, श घासतात. हा अल्बम सीडीवरच चांगला.

एलपीचा विषय निघालाच आहे तर नागपूरचं सांगून टाकू. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि सीताबर्डीत उभ्या केलेल्या बंद गाडीत तो त्याच्याही कितीतरी पुढे जातो. साठ अंशांच्या आसपास पीव्हीसी नरम पडायला लागतं. म्हणजे रेकॉर्ड घेतली, मागच्या सीटवर टाकली आणि वर तासभर खरेदी केली, तर घरी जाते ती थाळी. वाकलेली तबकडी दोन काचांमध्ये दाबून उन्हात सरळ करणारे महाभाग आहेत. वाक जातो, पण खाचाही दबतात आणि सूर थरथरतो. उभ्या ठेवा, आडव्या रचू नका, पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. दुसरा शत्रू कूलर. आपल्याकडे तो चार महिने चालतो आणि खोलीतला दमटपणा पुठ्ठ्यात शिरतो. पावसाळा लागला की पाकिटावर पांढरी बुरशी. आतलं कागदी पाकीट काढून पॉलिथिनचं घाला. बाहेरचं कव्हरही जाड पीव्हीसीचं नको, त्याने तबकडीवर दुधी डाग येतात. कॅसेटवाल्यांसाठी एवढंच: नव्वदच्या दशकात भारतात वॉर्नरच्या कॅसेटी मॅग्नासाउंड काढत असे, त्या अजून घराघरांत पडून आहेत. कुठल्याही जुन्या कॅसेटचा वरचा आवाज गेला असेल तर टेपला दोष देण्याआधी तोंडाशी असलेली स्पंजची बारकी गादी बघा. ती निसटलेली असते. स्क्रूवाल्या रिकाम्या कॅसेटमध्ये टेप हलवली की काम होतं.

'इरॉटिका', १९९२. याच सुमारास तिचं 'सेक्स' हे फोटोंचं पुस्तक आलं, धातूच्या मुखपृष्ठाचं, आणि त्याच्या गदारोळात रेकॉर्ड कोणी नीट ऐकलीच नाही. निर्माता शेप पेटिबोन, काही गाण्यांत आंद्रे बेट्स. पंचाहत्तर मिनिटांचा कोरडा, अंधारा, हाउस या क्लबातल्या नाचाच्या संगीताचा अल्बम. ती गाते कमी, कुजबुजते जास्त. सुरुवातीलाच रेकॉर्डवर सुई घासल्याचा करकर आवाज आहे, तो मुद्दाम घातलेला आहे. सीडीवरही येतो, तेव्हा पुसत बसू नका. घेताना गाणी मोजा. मूळ अल्बममध्ये चौदा आहेत. तेरा असली तर ती शिव्या गाळलेली आवृत्ती, 'डिड यू डू इट?' त्यात नाही. हा अल्बम कूलर चालू असताना ऐकायचा नाही. पंख्याची घरघर नेमकी त्या कुजबुजीवर आणि हलक्या बेसवर बसते आणि हाती नुसती टाळी उरते. रात्री, कूलर बंद करून, हेडफोनवर. उन्हाळ्यात ते जमत नसेल तर दिवाळीनंतर घ्या.

१९९४चा 'बेडटाइम स्टोरीज' मऊ, आर अँड बीच्या वळणाचा. आइसलंडची गायिका ब्योर्क हिचा हात लागलेलं 'बेडटाइम स्टोरी' हे जवळपास शीर्षकगीतच तेवढं पुढच्या वाटेची चाहूल देतं. पुढे 'एविटा' चित्रपटासाठी तिने गळ्याची रीतसर तालीम घेतली आणि तिथे आवाज खरोखर बदलला. छातीतून, पूर्ण श्वासावर येणारा.

तो घडलेला गळा घेऊन ती १९९८ला विल्यम ऑर्बिटकडे गेली आणि 'रे ऑफ लाइट' झाला. एकच अल्बम घ्यायचा असेल तर हा. ऑर्बिट ध्वनीचे थर चढवत जातो. तळाशी जुन्या अॅनालॉग सिंथचे फुगे, वर गिटार, मध्ये भरपूर मोकळी जागा. शीर्षकगीतात त्याने तिला सोयीच्या पट्टीपेक्षा अर्धा सूर वर गायला लावलं, म्हणून तिथे आवाज ताणलेला लागतो आणि तो ताणच गाण्याचा जीव आहे. 'फ्रोझन'मध्ये क्रेग आर्मस्ट्राँगची तंतुवाद्यं. सदुसष्ट मिनिटं आहेत, त्यामुळे एलपी घेतलीत तर दोन तबकड्यांची असणार. ग्रॅमीत उत्तम पॉप अल्बमही हाच ठरला.

मराठी कानाला यात एक वेगळी मेजवानी आहे, 'शांती/अष्टांगी'. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'योगतारावली'चा पहिला श्लोक, 'वन्दे गुरूणां चरणारविन्दे'. चारही चरण इंद्रवज्रेत, अकरा अक्षरं, त त ज ग ग. शाळेत गण पाडलेल्या कोणालाही बोटांवर मोजता येईल. गंमत ही की खाली चार मात्रांचा नाचाचा ठेका सरळ चालू राहतो आणि वृत्त त्यावर तिरकं पडतं. 'चरणार' या लघु-लघु-गुरु-लघूच्या जागी चाल अडखळल्यासारखी वाटते, ती अडखळ छंदाची आहे. उच्चारांसाठी वाराणसीच्या वागीश शास्त्रींकडून तिने फोनवर धडे घेतले. तरी 'त' आणि 'ट' यांच्या मधली ती इंग्रजी जागा पूर्ण सुटलेली नाही. रामटेकच्या संस्कृत विद्यापीठात तोंडी परीक्षेला बसवलं असतं तर गुण कापले गेले असते, नापास मात्र कोणी केलं नसतं. मेंदी आणि कपाळावरचा टिळा यांवरून तेव्हा वादही झाला. रूपाचा भाग तो. गाणं त्याहून जास्त टिकलं.

'म्युझिक', २०००, फ्रेंच निर्माता मिरवैस. काउबॉय टोपी, झॉन-बातिस्त मोंदिनोचे फोटो, आणि आत गावाकडची गिटार कात्रीने तुकडे केलेली. 'डोन्ट टेल मी' सुरू झालं की गिटार मध्येच तुटते, शांतता, पुन्हा सुरू. सीडी अडकली असं वाटून ती परत करायला निघू नका, गाणंच तसं आहे. मधल्या गाण्यांत आवाज मशीनमधून काढलाय, तोही ठरवून. २००३चा 'अमेरिकन लाइफ' त्याच निर्मात्याचा, पण रागाने कोरडा पडलेला, आणि त्यातलं रॅप आजही अवघडून टाकतं. स्वस्तात मिळाला तर घ्या.

'कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोअर', २००५, स्टुअर्ट प्राइस. 'हंग अप'मध्ये आबा या स्वीडिश बँडच्या १९७९च्या गाण्याचा तुकडा रीतसर परवानगीने वापरला आहे. बारा गाणी, छप्पन्न मिनिटं, एकात एक गुंफलेली, मध्ये फट नाही. त्यामुळे हा अल्बम कसा वाजवता यावर सगळं अवलंबून आहे. एमपीथ्री फाइलमध्ये आवाज ११५२ नमुन्यांच्या तुकड्यांत भरला जातो, एक तुकडा साधारण २६ मिलिसेकंदांचा. गाणं नेमकं तुकड्याच्या काठावर संपत नाही, म्हणून पुढेमागे रिकामी जागा भरली जाते. चांगला प्लेअर ती कापतो, गाडीतल्या स्टिरिओला पेनड्राइव्ह लावला की बहुधा कापली जात नाही. परिणाम, दर चार-पाच मिनिटांनी ठेक्यात खड्डा. उपाय: अॅपमध्ये 'गॅपलेस' चालू, 'क्रॉसफेड' (एक गाणं दुसऱ्यात विरघळवणं) शून्यावर, आवाज समान करण्याची सोय बंद किंवा 'अल्बम'वर, नाहीतर प्रत्येक गाण्याला पातळी वरखाली उडते. शफल तर अजिबात नको. पेनड्राइव्हच वापरायचा असेल तर सगळी सीडी एकाच लांब फाइलमध्ये उतरवा. एलपी दोन तबकड्यांची आहे, म्हणजे तीनदा उठून बाजू बदला. हा अल्बम तसा ऐकण्यात अर्थ नाही. गाडीत मात्र मजा आहे. नागपूर ते रामटेक पन्नासेक किलोमीटर, कामठीच्या पुढे गर्दी सुटते, आणि शेवटचं गाणं संपेपर्यंत गडाचा डोंगर समोर येतो.

यानंतरचे 'हार्ड कँडी' (२००८) आणि 'एमडीएनए' (२०१२) सोडून दिले तरी चालतील. 'हार्ड कँडी'वरची टिम्बलँड, फॅरेल ही नावं तेव्हा बाजारात सगळीकडेच वाजत होती, आणि मागची बाजू वाचायची सवय लागली की तिथेच कळतं की इथे ती निर्मात्याला शोधत नाही, गाठतेय. २०१९च्या 'मॅडम एक्स'वर मिरवैस परत आला, सोबत लिस्बनमध्ये राहून उचललेले पोर्तुगीज आणि आफ्रिकी ठेके. डोळ्यावर पट्टी. अर्धा अल्बम विखुरलेला आहे, पण केप व्हर्दे या आफ्रिकी बेटांवरच्या बायकांच्या ढोलांवरचं 'बातुका' मोठ्या स्पीकरवर लावा, शेजाऱ्यांची दुपारची झोप झाल्यावर.