फेल्को क्रमांक २ : कोवळ्या कलमांना वळण लावणारी कात्री

झाडाला वळण लावण्याचे काम लागवडीनंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांतच करायचे असते आणि त्या वयात काढाव्या लागणाऱ्या फांद्या फार तर अंगठ्याएवढ्या जाड असतात. तरीही आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ही छाटणी कोयत्याने उरकली जाते, साल पिंजते आणि ती जखम वर्षानुवर्षे भरून येत नाही. स्वित्झर्लंडमधील फेल्को या १९४५ साली सुरू झालेल्या कंपनीची क्रमांक २ ची कात्री अशाच कामासाठी घ्यावी. तिची लांबी २१५ मिलिमीटर, वजन सुमारे २४० ग्रॅम आणि कापण्याची क्षमता २५ मिलिमीटर जाडीपर्यंत आहे. आंब्याची कोवळी कलमे, पेरू आणि कुंपणाची जास्वंद यांवर ती वापरून झाल्यावर माझे मत तिच्या बाजूने पक्के झाले आहे.

या कात्रीचे धारदार पाते दुसऱ्या, आकड्यासारख्या बोथट पात्याला घासून पुढे जाते, त्यामुळे फांदी चेंगरत नाही, कापली जाते. थोडाफार दाब पडतो तो बोथट पात्याच्या बाजूला, म्हणून कात्री धरताना धारेचे पाते नेहमी खोडाकडे आणि आकडा काढून टाकायच्या फांदीकडे ठेवावा; कात्री उलटी धरली तर चेंगरलेला भाग झाडावरच राहतो. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीची एक फुगीर कड दिसते. झाड जखम भरते ते या कडेपासूनच, त्यामुळे तिला धक्का न लावता आणि बाहेर खुंटीही न ठेवता काप घ्यायचा असतो. अरुंद टोकामुळे ही कात्री त्या बेचक्यात व्यवस्थित शिरते, आणि मला तिचा सर्वांत मोठा गुण हाच वाटतो.

हापूसच्या कलमावर तिचा पहिला उपयोग कलमाच्या जोडाखालच्या फुटव्यांसाठी होतो. ते खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या रायवळ आंब्याचे असतात आणि राहू दिले तर वरच्या हापूसचे पोषण ओढून घेतात. त्यानंतर खोड गुडघ्याच्या वरपर्यंत मोकळे करून चारी दिशांना विभागलेल्या तीन-चार फांद्या राखाव्यात. खोडाशी अगदी चिंचोळा कोन करणारी फांदी दिसायला जोमदार असली तरी आधी तीच काढावी, कारण तिच्या बेचक्यात साल अडकून जोड कच्चा राहतो आणि पुढे फळांच्या भाराने किंवा वादळात झाड तिथेच उभे चिरते. मोठ्या कापांवर एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणातली, बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावावी. जास्वंदीचे काम सोपे आहे: बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे फुटू पाहणाऱ्या कोंबाच्या, किंचित वर तिरका काप घेतला की नवी फूट बाहेर पसरते आणि झुडपाच्या आत हवा खेळते.

अंगठ्याहून जाड फांदी पात्यात बसत नसेल तर मनगट पिळून जोर लावू नये, त्याने पात्यांत फट पडते. तिथे घडीची करवत घ्यावी. आंब्याचा चीक पात्यावर वाळू न देता पुसावा आणि तेलाचा हात फिरवावा. डाळिंबाच्या बागेत तेल्या हा जिवाणूजन्य रोग असेल तर एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाती सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवणे आवश्यक आहे, मात्र ते द्रावण पोलादाला गंज चढवते, म्हणून काम संपताच कात्री धुऊन कोरडी करावी.

किंमत साध्या देशी कात्रीच्या कित्येक पट आहे आणि कुंडीतल्या चार झाडांसाठी एवढा खर्च करावा असे मी म्हणणार नाही. पण पाते, स्प्रिंग, नट असे सगळे भाग सुटे मिळतात, घरच्या घरी बदलता येतात, आणि पन्नास-शंभर कलमांची बाग असणाऱ्याला हा हिशेब परवडतो. हाताचा पंजा लहान असेल तर क्रमांक ६ आणि डावखुऱ्यांनी क्रमांक ९ मागावा.