पाळण्यातले पाय बघणाऱ्या तीन कादंबऱ्या, कुठली घ्यायची?

भाचीची दहावी संपली आणि तिने फर्मान काढलं, मावशी मला इंग्रजी कादंबरी दे, भविष्यकाळातली हवी पण पोरं एकमेकांना मारायच्या स्पर्धेत उतरतात तसली नको, वाचून कंटाळा आलाय. मग कपाटातून तीन काढल्या. तिन्हीतली कल्पना सारखीच आहे, पोरगं पुढे जाऊन काय करणार हे आधीच कळलंय आणि सगळे त्याच्याशी ते करून झाल्यासारखंच वागायला लागलेत. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात हे आपण कौतुकाने म्हणतो, इथे तेच वाक्य पोलिसांच्या तोंडी आहे असं समजा.

सोफी जॉर्डनची 'अनइन्व्हायटेड', 2014 ची. डेव्ही नावाची पोरगी, संगीतात हुशार, ज्युलियार्ड या न्यूयॉर्कच्या नामांकित संगीत कॉलेजात अॅडमिशन पक्की, बॉयफ्रेंड, मैत्रिणी, सगळं छान चाललंय आणि टेस्टमध्ये निघतं की तिच्यात खून करण्याचा जीन, म्हणजे जनुक आहे. तिने कुणाला चिमटासुद्धा काढलेला नसतो. पण प्रायव्हेट शाळा बंद, ज्युलियार्ड बंद, सरकारी शाळेत इतर 'जीनवाल्या' पोरांबरोबर जाळीच्या कोंडवाड्यात बसायचं, आणि ज्यांचं वागणं आणखी धोकादायक ठरलं त्यांच्या मानेवर एच, होमिसाइड म्हणजे खून यातला, गोंदलेला. वाचायला सुसाट आहे, पहिली पन्नास पानं तर मी बसमध्ये उभ्याने वाचली. मला त्यात सगळ्यात जास्त लागलं ते मैत्रिणींचं हळूहळू फोन न उचलणं, कोंडवाडा त्यानंतर. मधे रोमान्स जरा जास्त होतो आणि विज्ञान म्हणाल तर ढिलंच आहे. खऱ्या जगात 1993 मध्ये नेदरलँड्समधल्या एका घराण्यातल्या आक्रमक पुरुषांत एमएओए नावाच्या जीनमधला बिघाड सापडला होता, पण तो अतिशय दुर्मिळ, आणि पुढे 2002 मध्ये न्यूझीलंडच्या डनेडिनमधल्या मुलांवरच्या अभ्यासात दिसलं की याच जीनचा कमी काम करणारा प्रकार अंगात असून लहानपणी छळही झाला असेल तर त्रासदायक वागण्याशी संबंध दिसतो, नुसत्या जीनवरून काही सांगता येत नाही. म्हणजे रक्त काढलं आणि खुनी ठरवला असं काही होत नसतं. कादंबरीत होतं, आणि लोक लगेच विश्वास ठेवतात, ते मात्र खरं वाटतं.

क्रिस्टीन सायफर्टची 'द प्रेडिक्टेड्स' 2011 ची, तिघींत जुनी आणि लिखाणाच्या बाबतीत तिघींत कच्ची, हे आधीच सांगते. डॅफ्नी ओक्लाहोमातल्या क्वाएट नावाच्या गावी नवीन शाळेत येते, तिथे गोळीबार होतो आणि त्यानंतर प्रोफाइल नावाच्या प्रोग्रॅमने ज्यांच्याबद्दल वाईट भाकीत केलंय त्या पोरांची यादी जाहीर होते. कोण हिंसा करेल, कोण ड्रग्जकडे जाईल, असलं सगळं. डॅफ्नीच्या आईनेच तो प्रोग्रॅम बनवायला मदत केलेली आणि डॅफ्नीला आवडणारा पोरगा यादीत. संवाद कुठे कुठे सिरियलसारखे वाटतात, मधे एकदा मी पुस्तक ठेवूनच दिलं होतं. पण डोक्यात तेच राहिलं, कारण 2020 मध्ये टॅम्पा बे टाइम्स या अमेरिकी वर्तमानपत्राने बाहेर काढलं की फ्लोरिडातल्या पास्को काउंटीच्या शेरीफ ऑफिसकडे, म्हणजे तिथल्या पोलिसांकडे, खरंच अशी शाळकरी मुलांची यादी होती, चारशेच्या वर नावं, आणि नाव यायला काय पुरे तर कमी मार्क, गैरहजेरी, घरात छळ झाल्याची नोंद. म्हणजे पोराने मार खाल्ला हेसुद्धा त्याच्याच विरोधात! आईबापांना पत्ताच नाही. त्या बातम्यांना 2021 चं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मोठं बक्षीस, मिळालं. कादंबरी त्याच्या नऊ वर्षं आधीची आहे, म्हणून तिच्या कच्च्या संवादांना मी थोडं माफ करते.

तिसरी पिन्टिप डनची 'फर्गेट टुमॉरो', 2015. इथे प्रोग्रॅम नाही, रक्ताची टेस्ट नाही, सतरा वर्षांचं झालं की भविष्यातला आपणच आपल्याला एक आठवण पाठवतो आणि त्या आठवणीवरून नोकऱ्या वगैरे ठरतात. कॅलीला वाटत असतं की आपण शेफ झालेलं दिसेल, दिसतं काय तर ती स्वतःच्या धाकट्या बहिणीला मारतेय. मग थेट अटक. कल्पना तिघींत सगळ्यात सुंदर आहे. फक्त नियम एवढे की मधे मधे मागची पानं उलटावी लागतात, आणि वैज्ञानिक स्पष्टीकरण शोधू नका, ते मिळणार नाही.

तर कुणी काय घ्यावं. पोरगं पुस्तकापासून लांब पळत असेल तर 'अनइन्व्हायटेड', ओढून नेतं, पण हिंसा आहे, बारातेराच्या पोराला देण्याआधी स्वतः चाळून बघा. भावंडांची गोष्ट आवडत असेल, थोडं रडायचं असेल तर 'फर्गेट टुमॉरो'. आणि घरी जेवताना वाद घालायला विषय हवा असेल तर 'द प्रेडिक्टेड्स', कारण ती वाचून झाल्यावर पोरं आपोआप विचारतात की कल चाचणीचा रिझल्ट चुकला तर? 2016 ला आपल्या बोर्डाने दहावीला कल चाचणी सुरू केली होती, तिने कुणाला कोंडवाड्यात टाकलं नाही हे खरं, पण 'तुझा कल कॉमर्सकडे आहे' एवढ्या एका वाक्यावर शेजारच्या काकांनी मुलाला सायन्सचा फॉर्म भरू दिला नव्हता, ते मी बघितलंय. तो आता कॉमर्स सोडून फोटोग्राफी करतो, ते वेगळं.

माझं मत विचाराल तर वाचायला 'अनइन्व्हायटेड' आणि विचार करायला 'द प्रेडिक्टेड्स', दोन्ही एकत्र घेतल्या तर उत्तम. भाचीने अर्थात माझं न ऐकता 'फर्गेट टुमॉरो' उचलली. ती घेणार असाल तर एक सांगते, ती तीन भागांची आहे, पुढचे 2016 आणि 2017 ला आलेत, ते आधीच मागवून ठेवा, नाहीतर रात्री साडेअकराला दुसरा भाग कुठे मिळेल म्हणून मेसेज येतो आणि सकाळी सातला परत तोच.