'इंटरस्टेलर': म्युझिक खाली घ्यायला हवं होतं का?

मी नाटकांना म्युझिक ऑपरेट करतो. बावीस वर्षं विंगेतून एकच वाक्य ऐकतोय, "अरे, खाली घे, वाक्य जातंय!" त्यामुळे २०१४ साली क्रिस्टोफर नोलनचा 'इंटरस्टेलर' हा अंतराळप्रवासाचा सिनेमा आला आणि म्युझिकखाली संवाद ऐकू येत नाहीत म्हणून समीक्षक-प्रेक्षक ओरडायला लागले, तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं. अमेरिकेतल्या एका थिएटरने तर पाटी लावली होती की आमची यंत्रणा ठणठणीत आहे, सिनेमाच तसा मिक्स केलाय. त्यावर नोलनसाहेब म्हणाले, मुद्दामच केलंय. मी असं म्हटलं असतं तर पुढच्या प्रयोगाला दुसरा ऑपरेटर.

तेव्हा मी तो लॅपटॉपवर पाहिला होता, म्हणजे पाहिलाच नव्हता. २०२५च्या फेब्रुवारीत आयमॅक्सच्या मोठ्या पडद्यावर पुन्हा लागला, तेव्हा प्रयोग नसलेला सोमवार गाठून मुलीला घेऊन गेलो. मक्याच्या शेतावरून भारतीय हवाई दलाचं बेवारस ड्रोन गेलं तेव्हा मागून शिट्टी आली.

आधी तक्रारीचं. यान उडताना चार शब्द बुडाले तर बुडू देत, तिथे माणसाची भीती कळली की झालं. पण मोहिमेचे प्रमुख प्रोफेसर ब्रँड मरताना जे कबूल करतात, त्यावर अख्खी कथा उलटते, आणि तिथेच मायकेल केन पुटपुटतो. मुलीने कानात विचारलं, "बाबा, काय म्हणाले ते?" मलाही लागलं नव्हतं. सबटायटल्स नव्हती. ही चूकच आहे, नोलनने केली म्हणून काय झालं!

आता पाण्याचा ग्रह. जवळच्या कृष्णविवराच्या ओढीमुळे तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. संगीतात घड्याळासारखी टिकटिक चालू असते. मी घरी आल्यावर तिकिटामागे हिशोब मांडला: सात वर्षांचे साधारण २,५५७ दिवस, तासाचे ३,६०० सेकंद, म्हणजे दीड सेकंदाच्या आत एक दिवस संपतो. एकेक टिक जवळपास एकेक दिवस खाते. हे आधी माहीत असतं तर त्या प्रसंगात मला बसवलंच नसतं.

टीकाकारांचा दुसरा राग प्रेमाबिमावरच्या भाषणावर होता. ते ॲन हॅथवेच्या तोंडी आहे आणि भाषणच आहे, मीही तालमीत कापायला सांगितलं असतं. पण संगीतकार हान्स झिमरला काम देताना नोलनने अंतराळाचा 'अ'सुद्धा काढला नव्हता. बाप आणि मूल यांच्याबद्दल एक पान टाइप करून दिलं होतं. त्यावरून सुचलेली धून पुढे लंडनच्या टेंपल चर्चमधल्या ऑर्गनवर वाजली. ऑर्गन हवेवर चालतो, आणि त्या सुरांत कोणीतरी श्वास घेतंय असं वाटत राहतं. भाषणाची गरजच उरत नाही. (त्या वर्षी संगीताला ऑस्कर मिळालं नाही. व्हिज्युअल इफेक्ट्सना मिळालं. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून काढलेल्या त्या कृष्णविवरावर लोकांनी भरपूर लिहिलंय.)

पाण्यावरून यानात परत येईपर्यंत तेवीस वर्षं गेलेली असतात आणि नायक कूपर (मॅथ्यू मॅकोनही) पृथ्वीवरच्या मुलांचे साठलेले निरोप बघायला बसतो. आमच्या थिएटरवाल्यांनी नेमकं तिथे मध्यंतर पाडलं. मॅकोनहीच्या डोळ्यांत पाणी आणि हॉलमध्ये ट्यूबलाइट, समोशाच्या ऑर्डरी! नाटकात पडदा कुठे पाडायचा यावर आम्ही आठवडाभर भांडतो.

पण खरा धडा मला उत्तरार्धात मिळाला. डॉ. मान या दगाबाज अंतराळवीराचं यान फुटतं आणि आवाज येत नाही. काहीच नाही. शेजारच्या पोराचा पॉपकॉर्न चावायचा हात थांबला. मग ऑर्गन एकदम अंगावर येतो, खुर्चीच्या हातातून कोपरापर्यंत. तो वर घेतलेला आवाज मी कुणाच्याही सांगण्यावरून खाली घेतला नसता.

पुन्हा लागला तर मागून तिसरी-चौथी रांग, मधल्या खुर्च्या घ्या. बाजूच्या भिंतीला चिकटून बसाल तर उरलेसुरले संवादही जातील. आणि सबटायटल्सचा शो आहे का, हे खिडकीवर विचारून घ्या.